चेहरे नंतर येतील

बारा वर्षं गोरेगावात
मी तोंड नसलेली माणसं काढली.
पेन्सिलीचं एक अंडं, खाली खांदे,
एक बाण : हा इथून पडणार,
दुसरा बाण : कॅमेरा मागे जाणार.
पहिल्याच आठवड्यात विचारलं, डोळे काढू?
"नको. हिरो अजून ठरला नाही.
चेहरे नंतर येतील."

आले की. चौकाचौकात होर्डिंगवर आले.
माझे कागद गेले
सेटवरच्या डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली.

एकदा पूर काढला, एकशे चाळीस चौकटी,
म्हशी, उडालेले पत्रे,
डोक्यावर शिलाई मशीन घेऊन छातीभर पाण्यात एक बाई.
बजेट कापलं.
हिरो फोनवर म्हणाला, "गावात पूर आलाय,"
आणि पूर ओसरला.

इकडे साखर पेठेत अम्मा सांगायची, पोरगी पिक्चरमध्ये आहे.
विडी कारखान्यातल्या बायका
टॉकीजचे दिवे लागेपर्यंत बसून राहायच्या
शेवटची नावं वाचायला.
नावं भरभर वर जायची.
अंबुबाईंना एकदा दिसलं माझं.
ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

नायनांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला
म्हणून आठ दिवसांची रजा टाकून आले.
ती रजा अजून संपलेली नाही.

अम्माच्या मांडीवर सूप : पान, तंबाखू, दोऱ्याची गाठ.
माझ्या मांडीवर काचेची पाटी.
शेजारीण डोकावली, "काय करलालीस गं?"
काहीच नाही, म्हटलं.
खरंच काही नव्हतं.
समोरच्या गच्चीवर पाण्याची काळी टाकी होती,
नळ पाचव्या दिवशी यायचा होता
आणि ती वाट बघत होती.
वाट बघणाऱ्याला डोळे नकोत?
मी दिले. पापण्याही दिल्या.
मग तिला काही राहवेना.
जिना उतरून, कन्ना चौक ओलांडून,
रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडून
ती थेट कंबर तलावावर पोचली :
"दोन बादल्या उसन्या मिळतील का?"

दुसऱ्या दिवशी शेळी.
मागाची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं तिनं खाल्ली,
सकाळी अंगभर वेलबुट्टी.
मग बंद गिरणीची चिमणी,
जी काडेपेटी मागत गावभर हिंडते.

पुण्याच्या कुणा बाईंनी टाकी विकत घेतली,
दोन चादरींच्या भावात.
अम्मा म्हणाली, "पांघरता येतं का ते?"

नायनांची पट्टी निघाली.
शेळीवर वाकले, अगदी नाक टेकेल इतके.
मी चित्र मोठं करत गेले, अजून, अजून,
शेळीचे चौकोन झाले.
ते एकदम ताठ बसले.
"अगं, हा तर आलेख!"

तीस वर्षं त्यांनी कारखान्यात
आलेखाच्या कागदावर घरं भरली.
एक घर, एक धागा.
त्यांच्या मोरांखाली किती लोक झोपले असतील
कोण मोजणार.

बोट शेळीच्या कानाशी थांबलं.
"इथं एक घर सुटलंय. पांढरा दाणा दिसेल."
भरलं मी.
मग विचारलं, नायना, तुमच्या मोरांना डोळे होते?
"मालक म्हणायचा, डोळ्यापुरता वेगळा रंग परवडत नाही."
चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"मग मी एक घर भरायचंच विसरायचो.
प्रत्येक मोरात.
लय शिव्या खाल्ल्या विसराळू म्हणून."

रात्री ट्रंकेतून जुनी चादर ओढून काढली,
मोबाइलचा उजेड धरला.
होता.
ज्वारीच्या दाण्याएवढा, पांढरा,
माझ्याकडेच बघत.

तेवढ्यात नळ खोकला
आणि अम्मा अंगणातून ओरडली,
आधी टाकी भर, मोर कुठं पळत नाही.